प्रादेशिक वस्तुसंग्रहालय पहिल्यांदा पाहायला जाताना

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिलेले लोक पुष्कळ भेटतात. पण आपल्या भागातलं संग्रहालय पाहिलंय का, असं विचारलं की बहुतेक जण शाळेच्या सहलीची आठवण सांगतात आणि विषय तिथेच संपतो. नागपूर, कोल्हापूर, सातारा, औंध, सांगली, पैठण, तेर, रत्नागिरी अशा ठिकाणी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची संग्रहालयं आहेत. तिथे जे आहे ते राजधानीच्या संग्रहालयात मिळत नाही, कारण तिथल्या वस्तू ज्या मातीतून निघाल्या ती माती दोन-चार कोसांवरच असते. फक्त पाहायचं कसं हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून माणूस वीस मिनिटांत सगळी दालनं फिरून बाहेर येतो आणि 'काही विशेष नव्हतं' म्हणतो. हा लेख त्यासाठीच.

निघण्याआधी

बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. सार्वजनिक सुट्ट्यांचा नियम मात्र जागोजागी वेगळा, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्यावी. फोन केलाच आहे तर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. एखादं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे का, आणि फोटो काढू देतात का? लांबून जाणार असाल तर पहिला प्रश्न विसरू नका. जी वस्तू पाहायला निघालात तिचंच दालन बंद असलं तर सगळी पायपीट फुकट.

वेळ सकाळची निवडा. सहलींच्या दिवसांत दुपारी गर्दी होते. शिवाय अंगणातल्या दगडांवर सकाळचं तिरपं ऊन पडतं, त्याचा फायदा पुढे सांगतो. सोबत वही आणि पेन्सिल घ्या. पुष्कळ संग्रहालयांत जुन्या कागदांजवळ शाईचं पेन चालत नाही, पेन्सिलीला कुणी हरकत घेत नाही.

आणि हा संग्रह जमला कसा, एवढं एक आधी जाणून घ्या. दोन ओळींत कळणारी माहिती आहे, पण तिच्यामुळे आत गेल्यावर दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूचा अर्थ बदलतो.

काही संग्रह उत्खननातून उभे राहिले. कोल्हापूरचं टाऊन हॉल संग्रहालय त्यातलं. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, आणि तिथे सापडलेल्या वस्तू हा या संग्रहालयाचा गाभा आहे. काही संग्रह एका माणसाच्या ध्यासातून झाले. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या टेकाडांवर आणि शेतांत मिळणाऱ्या हजारो वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या. आज तिथलं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. काही संग्रह संस्थानिकांचे. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्पही आहे. औंधला गेल्यावर माण-खटावचा इतिहास शोधू लागलात तर निराश व्हाल. तिथे दिसते ती एका कलावंत राजाची नजर, आणि ती पाहण्यासारखीच आहे.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची गोष्ट आणखी वेगळी. लोक त्याला अजब बंगला म्हणतात. 1863 साली ते सुरू झालं तेव्हा नागपूर मध्य प्रांतांचं मुख्य ठिकाण होतं. त्यामुळे बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाचा ताम्रनिधी पाहायचा तर तो नागपुरात, जरी गुंगेरिया आज मध्य प्रदेशात असलं तरी. 1870 मध्ये सापडलेल्या त्या साठ्यात तांब्याची 424 हत्यारं-अवजारं आणि चांदीचे 102 पत्रे होते. त्यातला काही भाग नागपूरला आहे, काही पार ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. म्हणजे 'प्रादेशिक' या शब्दातला प्रदेश संग्रहालय स्थापन झालं तेव्हाचा असतो, आजच्या जिल्ह्याचा नव्हे.

पहिली फेरी न थांबता

आत गेल्यावर सगळी दालनं एकदा चालत पार करा. कुठे थांबू नका, पाट्या वाचू नका. दहा-पंधरा मिनिटांत एवढंच पाहून घ्यायचं की दगडी शिल्पं कुठे, नाणी कुठे, कागद कुठे, शस्त्रं कुठे. मग ठरवा की आज यातली दोनच दालनं नीट पाहायची. बाकीची पुढच्या खेपेला. हे ऐकून पुष्कळांना वाईट वाटतं, लांबून आलोय तर सगळं पाहूया असं वाटतं. पण तासाभरानंतर डोळे वस्तूंवरून नुसते घसरू लागतात, हा सगळ्यांचाच अनुभव. चार वस्तू नीट पाहिलेल्या जन्मभर लक्षात राहतात, चारशेंची संध्याकाळपर्यंत खिचडी होते.

कापड, जलरंगातली चित्रं आणि कागद असलेल्या दालनांत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. अशा वस्तूंसाठी साधारण 50 लक्सची (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मर्यादा जगभर पाळतात, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. तिथे दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावतात. फ्लॅश तर कधीच मारायचा नाही, कुणी पाहत नसलं तरी.

पाटी कशी वाचायची

आपण पाटीवर आधी नाव वाचतो, मग काळ वाचतो आणि पुढे सरकतो. सगळ्यात मोलाची ओळ बहुधा खाली बारीक अक्षरात असते, ती म्हणजे प्राप्तिस्थान. वस्तू कुठे सापडली ती जागा.

कोल्हापूरच्या संग्रहालयात पोसायडनची एक छोटी ब्राँझ मूर्ती आहे, वीतभरही नाही. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. हीच मूर्ती एखाद्या धनिकाने युरोपातून विकत आणून दिवाणखान्यात ठेवली असती, तर ती एक सुबक रोमन मूर्ती एवढंच तिच्याबद्दल म्हणता आलं असतं. पण तिचं प्राप्तिस्थान ब्रह्मपुरी आहे. त्या एका शब्दामुळे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या या बाजूला, पंचगंगेच्या काठी, भूमध्य समुद्राकडचा माल पोचत होता याचा पुरावा आपल्यासमोर उभा राहतो. त्याच टेकाडातून रोमन घडणीची इतर ब्राँझची भांडीही निघाली, त्यामुळे हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

तेरला याच्या उलट प्रवास दिसतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे, तिथलं कापड भडोचच्या बंदराकडे जातं, असं लिहिलंय. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचं नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती 1938 साली इटलीतल्या पाँपेईत निघाली, आणि पाँपेई तर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे त्या वर्षाच्या आत भारतातली अशी मूर्ती तिथे पोचलेली होती. तेरच्या काचेच्या कपाटासमोर उभं राहून हे मनात आणलं की ती मूर्ती डोळ्यांना वेगळीच दिसते.

प्राप्तिस्थानाशेजारी एक क्रमांक असतो, वस्तूच्या मागे किंवा तळाशीही बारीक रंगवलेला दिसतो. तो नोंदवहीतला क्रमांक. आवडलेल्या वस्तूचा तो क्रमांक वहीत लिहून घ्या. पुढे कधी त्या वस्तूबद्दल विचारायचं झालं तर 'ती काळी मूर्ती' असं सांगून कुणाला काही कळत नाही, क्रमांक सांगितला की लगेच सापडते.

पाटीवर 'अंदाजे', 'परंपरेनुसार', 'म्हणून ओळखली जाणारी' असे शब्द आले तर थांबा. ते लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलेलं असतं की पुरावा इथवरच आहे. तलवारींच्या बाबतीत हे शब्द फार महत्त्वाचे. आणि प्राप्तिस्थान दिलेलंच नसेल तर वस्तू कितीही देखणी असो, तिच्यावरून इतिहासाचे निष्कर्ष काढू नका.

अंगणातले दगड

लोक तिकीट काढून थेट इमारतीत शिरतात. माझं मत विचाराल तर नवख्याने सुरुवात अंगणापासून करावी. व्हरांड्यात नाहीतर आवारात भिंतीला टेकवून ठेवलेले वीरगळ, सतीशिळा, गधेगळ आणि शिलालेख असतात. त्यांना काच नसते, जवळ जाता येतं आणि त्यांची भाषा अर्ध्या तासात शिकता येते.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते: ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर शत्रू, कधी पायाशी आडवा पडलेला देह. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला हातांनी धरून वर नेत असतात. वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर बहुधा कलश आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर याची कीर्ती राहील. आता खालच्या चौकटीकडे परत या आणि बारकाईने पाहा. गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन पळवणाऱ्यांशी लढताना मेला. होड्या असतील तर लढाई पाण्यावरची. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावातल्या वीरगळांवर अशी जहाजांची अख्खी लढाई आहे. बहुसंख्य वीरगळांवर नाव नसतं. घराण्यांच्या इतिहासात ज्यांची ओळ नाही, अशा माणसांचं हे एवढंच स्मारक उरलंय. म्हणून प्रत्येकापुढे क्षणभर तरी थांबावं असं मला मनापासून वाटतं.

सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. गधेगळावर वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव आणि स्त्री यांचं उघडंवाघडं चित्र. दिलेलं दान जो मोडेल त्याला घातलेली ती शिवी आहे. शिलाहार आणि यादवांच्या काळात असे दगड उभे करत. मुलं सोबत असतील तर ती विचारणारच. तेव्हा सरळ सांगावं की हा दगडावर कोरलेला शाप आहे.

शिलालेखाची अक्षरं समोरून पाहिली तर दिसत नाहीत. बाजूला सरका. तिरप्या उजेडात खाचांमध्ये सावली भरते आणि अक्षरं उठून येतात. सकाळी जा म्हटलं ते यासाठी. दगडावर पाणी ओतायचं नाही, खडू तर फिरवायचाच नाही, आणि हातही लावू नये. हाताचं तेल दगडातही मुरतं.

नाणी आणि ताम्रपट

नाण्यांच्या दालनात नवख्याचा धीर सुटतो, कारण शेकडो चकत्या एका रांगेत मांडलेल्या असतात. तीनच गोष्टी शोधा. सातवाहनांची नाणी पाहा: शिशाची, पोटीनची (म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रधातूची), सोंड वर केलेला हत्ती एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडणारी फुली. तिला उज्जैन चिन्ह म्हणतात. मग सातवाहनांचा शत्रू असलेल्या क्षत्रप राजा नहपानाचं चांदीचं नाणं कुठे दिसतं का पाहा. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे अशी तेरा हजारांवर नाणी सापडली, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. त्या साठ्यातलं नाणं समोर आलं तर भिंग मागा नाहीतर मोबाइलवर मोठं करून पाहा. वरच्या डोंगराच्या चिन्हाखालून नहपानाचं नाक, हनुवटी, केसांची रेघ अजून डोकावत असते. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केला हे पुस्तकात वाचणं वेगळं, आणि हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर उमटलेला जेत्याचा ठसा पाहणं वेगळं.

तिसरी गोष्ट शिवराई. तांब्याची, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिवराया पुढे फार काळ पाडल्या जात राहिल्या, म्हणून दिसणारी प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. अक्षरांचं वळण, काना-मात्रा आणि टिंबं ताडून पाहणं हा या छंदातला खरा आनंद.

ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलं दानपत्र. त्यात पत्र्यांपेक्षा आधी कडी पाहा. दोन-तीन पत्रे एका कडीत ओवून तिच्यावर राजमुद्रा ठोकलेली असते. राष्ट्रकूटांची असेल तर गरुड दिसेल. कडी कापलेली असेल तर ती बहुधा अलीकडे वाचनासाठी ठसे घेताना कापली गेलेली. मजकूर संस्कृतात असला तरी शेवटी एक श्लोक पुन्हा पुन्हा भेटतो: 'स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुंधराम्'. स्वतः दिलेली असो वा दुसऱ्याने, दान दिलेली जमीन जो हिरावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. अंगणातला गधेगळ आणि दालनातला ताम्रपट एकच बजावतायत, हे इथे लक्षात येतं.

मोडीतले कागद

मोडी येत नाही म्हणून लोक हे दालन सोडून देतात. न वाचताही पुष्कळ कळतं. आधी रेघ पाहा. लिहिणाऱ्याने अख्खी आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं टांगलेली असतात. मग शिक्के पाहा. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, 'मर्यादेयं विराजते'. मजकूर इथे संपला, याच्या पुढे कुणी ओळ घुसवली तर ती खोटी, असा त्याचा अर्थ.

तारखांचं कोडं सोडवायला दोन बेरजा पुरतात. शक असेल तर 78 मिळवा. 'इहिदे सबैन व अलफ' असे शब्द असतील तर तो शुहूर सन, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला आणि उलट्या क्रमाने वाचायचा: एक, सत्तर आणि हजार, म्हणजे 1071. त्यात 599 मिळवले की 1670. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होतं, म्हणून याला मृगसाल म्हणतात. त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांतलं पत्र असेल तर 600 मिळवायचे.

खापरं आणि बाकीचं

मातीची भांडी कुणी पाहत नाही, अभ्यासक मात्र आधी तिकडेच जातात. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे संस्कृतीची भांडी ओळखायला सोपी: तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी, लांब तोटी, खांद्याला ठळक कोन. प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. त्या काळी लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत. इनामगावच्या उत्खननात असे रांजण निघाले. असं भांडं समोर दिसलं तर ते साठवणीचं की दफनाचं, एवढं पाटीवर वाचून घ्या.

शस्त्रांच्या दालनात गर्दी असते, तिथे मी फार वेळ घालवा असं म्हणणार नाही. पात्यापेक्षा मूठ पाहा, घडण कुठली हे मुठीवरून कळतं.

विचारायचं कुणाला

दालनात बसलेल्या कर्मचाऱ्यांना नमस्कार करून विचारा, 'काका, इथली सगळ्यात जुनी वस्तू कुठली?' वर्षानुवर्षं त्याच वस्तूंमध्ये वावरल्यामुळे त्यांना कुठली पाटी बदलली, कुठली मूर्ती कुठल्या गावातून ट्रकने आली हे ठाऊक असतं. नेमकी माहिती हवी असेल तर अभिरक्षकांना, म्हणजे संग्रहालयाच्या क्युरेटरना, भेटा. जे मांडलेलं दिसतं त्याहून कितीतरी अधिक वस्तू भांडारात असतात. अभ्यासासाठी त्या पाहायच्या तर लेखी अर्ज लागतो, शक्यतो महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं पत्र जोडून, हव्या त्या वस्तूंच्या क्रमांकांसह.

हेही विचारा की आपल्या भागातलं काय बाहेर गेलं. दायमाबादचे ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा 1974 साली प्रवरेच्या काठी सापडले, आज ते पाहायचे तर मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संग्रहालयांत जावं लागतं.

मग त्या जागेवर जा

वहीत जी प्राप्तिस्थानं लिहिली त्यातलं एक निवडून तिथे जाऊन या. तेरला तर हे एका दिवसात होतं: संग्रहालय, मग त्रिविक्रमाचं प्राचीन विटांचं मंदिर, मग गावाभोवतीची टेकाडं. गजपृष्ठाकार छपराचं ते मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं अनेक अभ्यासक मानतात.

टेकाडावर खापरं, मणी पायाखाली येतात. उचलू नका. जागेवरून हललेल्या मण्याचं प्राप्तिस्थान त्याच क्षणी हरवतं. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि संग्रहालयाला कळवा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो, हस्तलिखितांसाठी ही मुदत 75 वर्षांची. घरच्या माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं असेल तर ते रद्दीत घालण्याआधी अभिरक्षकांना दाखवा. आणि दाखवताना ते कुणाच्या घरात, कुठल्या गावात होतं, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.